नमुना क्रमांक चारशे बारा

माझं नेमकं काय चुकलं, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. जो तो नुसती मान हलवतो. म्हणून सगळी हकीकत तुमच्यापुढे ठेवतो, तुम्हीच काय ते ठरवा.

मी एका डेअरीच्या गुणवत्ता विभागात कारकून आहे. पुरवठादारांचं दूध प्रयोगशाळेत तपासलं जातं, आकडे माझ्या टेबलावर येतात आणि मी कागदावर 'स्वीकृत' किंवा 'नाकारले' असा शिक्का मारतो. अकरा वर्षं मारतोय. (एकदा घाईत साहेबांच्या रजेच्या अर्जावर 'नाकारले' मारला होता, पण ते प्रकरण वेगळं.) सांगायचा मुद्दा असा, की दुधातलं मला कळतं.

आमची मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची होती. बायको नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरीला आहे आणि तिची रजा संपत आली होती. म्हणून ती पंपाने दूध काढून, पिशव्यांवर तारीख घालून फ्रीझरमध्ये साठवत होती. पहिले पंधरा दिवस पंपही तीच धुवायची. मग मी आपणहून म्हणालो, "उद्यापासून पंप माझ्याकडे." हा माझा मोठेपणा पुढे कुणीच लक्षात घेतला नाही.

दोनेक आठवड्यांनी मी फोनवर एक लेख वाचायला घेतला. 'आईच्या दुधात जिवंत जंतू असतात,' असं पहिलंच वाक्य. पुढेही बरंच लिहिलेलं होतं, पण तेवढ्यात जेवायची हाक आली. जेवताना मी ठरवलं, की गाजावाजा न करता थोडंसं दूध तपासून घ्यायचं. बस्स, एवढंच ठरवलं होतं.

सोमवारी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली विसळली, फ्रीजमधलं थोडं दूध तिच्यात ओतलं आणि बाटली शर्टाच्या खिशात घालून ऑफिस गाठलं. प्रयोगशाळेतल्या बाईंना आम्ही जंतूबाई म्हणतो. त्या कामात होत्या, त्यामुळे बाटली तीन वाजेपर्यंत खिशातच राहिली. फॉर्म मी स्वतः भरला. जनावराचा प्रकार: गाय आणि म्हैस यांच्याखाली 'इतर' असा रकाना असतो, तिथे खूण केली. वय: एकतीस. वेत: पहिले. खाद्य: मिश्र. पत्ता घातल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही, म्हणून घरचा घातला. नमुन्याला चारशे बारा क्रमांक मिळाला.

"इतर म्हणजे शेळी का?" जंतूबाईंनी विचारलं.

"साधारण तसंच."

"वय एकतीस महिने?"

"हो," मी म्हणालो. (इथे मी खोटं बोललो, मान्य आहे. पण चारचौघांत काय सांगणार?)

बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. "तुमची ती शेळी. तपासणीच्या ताटलीत जंतूंना बसायला जागा उरली नाही. ते दूध कुणाला देऊ नका."

मी तडक घरी आलो. बायको मुलीला लस टोचायला घेऊन गेली होती. फ्रीझरमध्ये सत्तावीस पिशव्या होत्या. एकेक पिशवी कात्रीने कापली, गोठलेलं दूध सिंकमध्ये टाकलं आणि वर गरम पाणी सोडलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण बापाला कधी कधी मन घट्ट करावं लागतं.

शेवटची पिशवी हातात असताना बायको दारात उभी.

"काय करतोयस?"

"वाचवतोय," मी म्हणालो.

"कुणाला?"

मी तिला सगळं सांगितलं. (फॉर्मचं सोडून.) ती स्टुलावर बसली आणि रिकाम्या पिशव्या एकावर एक रचू लागली.

"महिनाभर," ती म्हणाली, "रोज दोन दोन वेळा तासभर त्या पंपाला जोडून घेऊन बसत होते मी." मग तिने ढिगाच्या कडा सारख्या केल्या. शेवटी म्हणाली, "सोमवारी मी कामावर जाणार. ही काय पिणार?"

ही बाजू माझ्या विचारात आली नव्हती. मी धावत जाऊन पावडरचा डबा आणला. डब्यावर काय लिहिलं असेल? 'पावडर निर्जंतुक नसते, उकळून किंचित निवालेल्या गरम पाण्यातच मिसळावी.' म्हणजे सीलबंद डबेवालेसुद्धा उघड उघड कबूल करतात. माझं डोकंच फिरलं. तरी सांगितल्याप्रमाणे दूध तयार केलं, निववलं आणि मुलीला पाजायला घेतलं. तिने तोंड मिटून घेतलं, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि जे चार थेंब आत गेले होते तेही माझ्या शर्टावर परत केले.

मी तसाच धुमसत ऑफिसला परतलो आणि त्या रागाच्या भरात पुरवठादारांना जाणाऱ्या पन्नासेक पत्रांवर न वाचता सह्या ठोकल्या.

शुक्रवारी टपाल आलं. बायकोने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "आपण पुरवलेले दूध, नमुना क्रमांक चारशे बारा, सेवनास अयोग्य असल्याने नाकारण्यात येत आहे. जनावराची कास कोमट पाण्याने धुवावी. जनावर कोरड्या व स्वच्छ जागी बांधावे. सुधारणा न झाल्यास जनावर कळपातून वेगळे काढावे."

मग तिने ते पुन्हा वाचलं. या वेळी 'जनावर' शब्दापाशी दर वेळी थोडं थांबत.

"ही सही तुझी ना?"

"सही माझी आहे," मी म्हणालो. "भाषा ऑफिसची आहे."

"चप्पल घाल," ती म्हणाली.

दवाखान्यात लस टोचणाऱ्या नर्सबाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि परत वाचलं. हसण्यासारखं त्यात काय होतं मला कळलं नाही. मी खिशातल्या बाटलीपासून सगळं सांगितलं.

"आईच्या दुधात जंतू असायचेच," त्या म्हणाल्या. "थोडे आईच्या अंगावरचे, थोडे बाळाच्या तोंडातले. बाळाच्या पोटाला ते हवेच असतात. तुमचं हे माप गाईम्हशींच्या दुधाचं आहे. आणि दिवसभर खिशात उबवलेल्या बाटलीत जंतू वाढणार नाहीत तर काय होईल? बरं, पंप कोण धुतं?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"कसा?"

"नळाखाली धरतो."

"साबण?"

"आठवण झाली तर."

"आणि पुसता कशाने?"

"खांद्यावर फडकं असतं ना, त्याने."

"त्या फडक्याने आणखी काय काय पुसता?"

मी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं. ओटा, हात, एकदा स्कूटरची सीट. बायकोने मुलगी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, माझ्यापासून लांबच्या.

नर्सबाईंनी मग एकेक गोष्ट समजावली. आधी हात धुवायचे. पंपाचे भाग दर वेळी सुटे करून वेगळ्या टोपात साबणाने, गरम पाण्याने धुवायचे आणि फडकं न लावता वाऱ्यावर वाळू द्यायचे. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. सोमवारसाठी दोन बाटल्या शनिवार-रविवारात सहज जमतील. कामावर निघताना पाजायचं, आल्यावर पाजायचं.

"आणि पहिल्या पंधरा दिवसांच्या पिशव्या?" बायकोने विचारलं. "तेव्हा पंप मी धूत होते."

"मग त्या उत्तमच असणार."

भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं एक चित्र होतं. मी ते बारकाईने पाहत राहिलो.

सोमवारी दोन बाटल्या जमल्या होत्या. मुलीने दोन्ही संपवल्या. पंपाला मात्र बायको मला हात लावू देत नाही, आणि याबद्दल मी घरात रीतसर निषेध नोंदवला आहे.

पण गुणांची कदर करणारं कुणीतरी असतंच. पुढच्या आठवड्यात नर्सबाईंचा फोन आला. गुरुवारी दवाखान्यात नव्या बापांसाठी माहितीचा वर्ग आहे, तुम्ही आलात तर फार उपयोग होईल. मी बायकोकडे एक कटाक्ष टाकला. कडक इस्त्रीचा शर्ट घातला, प्रयोगशाळेतल्या अनुभवावर नऊ मुद्दे काढले आणि वेळेआधी जाऊन बसलो. वीसेक बाप जमले होते. टेबलावर पंप, साबण आणि टोप मांडलेला होता, शेजारी माझ्यासाठी खुर्ची.

"दूध खराब कशामुळे होतं, ते आज आपण पाहणार आहोत," नर्सबाईंनी सुरुवात केली आणि माझ्याकडे वळल्या. "जरा उभे राहता का? मागच्यांना दिसत नाहीये."