थोरले जावई हवेत

“मी पायलटच्या ट्रेनिंगला जायचा विचार करतोय,” धाकट्या जावयाने पाण्याचा पेला खाली ठेवत सांगितलं, आणि थोरल्या जावयाच्या घशात घास अडकला.

थोरला जावई म्हणजे मास्तर. ते मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि सासरची माणसंही तेच म्हणत. सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असो की अख्ख्या कुटुंबाला कुणाच्या लग्नाला, स्टिअरिंगवर मास्तर आणि मागच्या सीटवर मांडीवर पिशव्यांचा ढीग घेऊन धाकटा जावई, ही व्यवस्था ठरलेली. धाकटा औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. गाडी तो मास्तरांकडेच शिकला होता. शिकला होता म्हणजे मैदानाची भिंत आणि भिंतीलगत उभी असलेली एक निरपराध स्कूटर यांची त्याने मास्तरांच्या गाडीशी गाठ घालून दिली होती. तेव्हापासून त्याच्या हाती किल्ली देण्याचा विषय घरात कुणी काढत नसे.

“कशाच्या ट्रेनिंगला?” मास्तरांनी खोकत विचारलं.

“पायलटच्या. प्रवासी विमानं असतात ना, तीच. म्हणजे अजून नक्की काही नाही. आपला नुसता विचार.”

पण ‘नुसता विचार’ हे शब्द कुणाच्या कानापर्यंत पोचलेच नाहीत. सासूबाईंचा वाढणारा हात हवेतच थांबला आणि मग मास्तरांचं ताट ओलांडून सरळ धाकट्याच्या ताटात उतरला. सासरे एरवी जेवताना एक शब्द बोलत नसत. ते म्हणाले, “वा, कॅप्टन!”

कॅप्टन! अजून पठ्ठ्याने विमानाच्या शिडीला हात लावला नव्हता आणि घरात कॅप्टन झाला! मास्तरांनी इतकी वर्षं या घराची वाहतूक सांभाळली, पण त्यांना ‘वा’ एवढंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. पुढचं वाक्य त्यांच्या नकळत तोंडातून निसटलं.

“गंमत आहे. मीही बरीच वर्षं हाच विचार करतोय.”

सगळ्यांच्या माना वळल्या. सगळ्यात आधी बायकोची.

परतताना तिने गाडीची काच वर केली. मग म्हणाली, “अहो, गच्चीवर पाण्याची टाकी बघायला चढलात तरी तुमचे पाय लटपटतात.”

“टाकीची गोष्ट वेगळी. तिथं धरायला काही नसतं.”

“आणि विमानात काय धरणार? ढग?”

“ज्याला गाडी मागे घेता येत नाही तो विमान चालवणार, आणि मी नुसतं बघत बसायचं?”

“विमान मागे घ्यावं लागत नाही,” बायको म्हणाली. “सरळ सांगा ना, जळताय म्हणून.”

“मी? त्याच्यावर? छे!” मास्तरांनी गियर असा टाकला की गाडीने आचका दिला. स्वतःच्या शिकाऊ विद्यार्थ्यांनाही त्यांनी असा आचका कधी माफ केला नसता.

आता हा विषय तिथेच मिटला असता. पण सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी, दोन्ही जावई पायलट होणार, ही बातमी शेजारी सांगितली. शेजारीण भिशीच्या बायकांत बोलली. त्या बायकांतल्या दोघी मास्तरांकडे गाडी शिकत होत्या. आठवडा संपायच्या आत त्यातली एक, क्लच सोडता सोडता, म्हणाली, “मास्तर, तुम्ही निघालात म्हणे विमानावर. मग आमची टेस्ट कोण देणार?”

“टेस्ट तुम्हीच द्यायची असते, बाई.”

“तसं नाही हो. पण मध्येच सोडून गेलात तर? समोरचे म्हणाले, आमच्याकडे या, आम्ही जमिनीवरच राहणार आहोत.”

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचं दुसरं ड्रायव्हिंग स्कूल. मास्तरांनी मान वर करून पाहिलं, तर त्यांच्या सकाळच्या बॅचमधले निम्मे चेहरे पलीकडच्या बाकावर ओळीने बसलेले. ‘अफवा आहे’ एवढं म्हटलं असतं तरी ते चेहरे परत आले असते. पण अफवा म्हणावं, तर ती गोष्ट सासरी कळणार, आणि मग कॅप्टन एकटाच कॅप्टन राहणार. मास्तरांनी बाईंना क्लच हळू सोडायला सांगितला.

त्यांनी गुपचूप चौकशी केली तेव्हा समजलं, की पायलट व्हायला बारावीला फिजिक्स लागतं. मास्तरांची बारावी कॉमर्सची. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून फिजिक्सचं जाडजूड पुस्तक आणलं आणि गाडीच्या सीटखाली लपवलं. दुपारी शिकणारं कुणी नसलं की ते वाचायला बसत. तिसऱ्या पानावर प्रत्येक वेळी झोप लागत असे.

याच सुमारास धाकट्याचा फोन आला. “मास्तर, जरा बोलायचं होतं. ते ट्रेनिंगचं जे मी म्हणालो ना...”

बढाया मारायला केलाय फोन, मास्तरांनी मनाशी म्हटलं. “माझ्या अभ्यासाची वेळ आहे,” ते म्हणाले. “फिजिक्स चाललंय.”

पलीकडून आवाज आला, “तुम्ही खरंच जाणार?”

“म्हणजे काय! तू नाही?”

“मी? मीही... जाणारच की.”

“मग असं कर,” मास्तरांना एकदम सुचलं. “गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात विमानाची ओळख म्हणून एक फेरी मारायला देतात म्हणे. शिकवणारा शेजारी असतो. रविवारी जाऊ. कुणाच्या हातात काय आहे ते तरी कळेल.” भिंत आणि स्कूटर यांचा तो विजेता जमीन सुटताच रडायला लागेल, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

रविवारी सगळं सासर मैदानाच्या कुंपणाशी हजर झालं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शिकवणाऱ्या कॅप्टन म्हणजे केस बारीक कापलेल्या एक बाई निघाल्या. त्या कमी बोलत आणि ज्याच्याशी बोलत त्याला आपण काहीतरी सांडलंय असं वाटत राही. विमान पाहून मास्तरांना पहिला धक्का बसला. ते त्यांच्या गाडीपेक्षाही अरुंद होतं आणि दार तर डब्याच्या झाकणासारखं लागत होतं.

“आधी कोण?” कॅप्टनबाईंनी विचारलं.

“वयाने मी मोठा,” असं म्हणत मास्तर डाव्या सीटवर चढले. शेजारी कॅप्टनबाई बसल्या. धाकटा मागे बसला. सवयीने त्याने सासूबाईंची पिशवी मांडीवर घेतली होती.

“पाय पेडलवर नुसते ठेवा, दाबू नका, दाबलं की विमान वळतं,” बाई म्हणाल्या. “हात हलका. मी सांगेन तेव्हाच.”

मास्तरांना हे ऐकवेना. जन्मभर ही वाक्यं त्यांनी दुसऱ्यांना ऐकवली होती. विमान पळायला लागताच ते म्हणाले, “आरसा कुठंय?”

“कशाला?”

“मागचं दिसायला.”

“मागून कोण येणार आहे?” बाई म्हणाल्या, आणि जमीन सुटली.

घरं काड्यापेट्यांएवढी झाली. कुंपणाशी हात हलवणारे सासरे ठिपक्याएवढे झाले. मास्तरांनी विमान वळवायचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला. तरीही त्यांचं तोंड थांबेना. “बाई, जरा डावीकडे घ्या... हळू, हळू... वळताना हॉर्न द्यायला पाहिजे होता.”

“शिकवतंय कोण?” बाईंनी विचारलं.

नेमकी तेव्हा समोरून एक घार आली. ती चांगली लांब होती आणि आपल्या वाटेने जात होती. पण मास्तरांची आयुष्यभराची सवय उजव्या पायात उतरलेली. शिकणाऱ्यासमोर कुत्रं, सायकल, म्हातारी, काहीही आलं की त्यांचा तो पाय आपोआप ब्रेकवर आदळे. तसा तो आदळला. विमानाने नाक उजवीकडे असं फिरवलं, जणू कुणी त्याच्या कानाखाली दिली.

“पाय काढा!”

“ब्रेक लागत नाहीये!”

“हवेत ब्रेक नसतो! पाय काढा!”

मास्तरांनी पाय काढला, हात काढले, आणि डोळेही मिटून घेतले. बाईंनी विमान सरळ केलं आणि खाली आणलं. जागांची अदलाबदल झाली. आता मास्तर मागे बसले आणि सासूबाईंची पिशवी त्यांच्या मांडीवर आली. आता बघूच, असं म्हणत त्यांनी ती पिशवी पोटाशी घट्ट धरली.

आणि धाकट्याने विमान असं नेलं, की वर पाण्याचा भरलेला पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता. बाई म्हणाल्या डावीकडे, की डावीकडे. वर, की वर. त्याला कुठे भिंत नव्हती, कुठे स्कूटर नव्हती, शेजारी ओरडणारे मास्तर नव्हते. एका वळणावर तो चक्क काहीतरी गुणगुणत होता. मागे मास्तरांना उमासे येत होते. त्यातले अर्धे पोटातून येत होते आणि अर्धे मनातून.

खाली उतरल्यावर बाई धाकट्याला म्हणाल्या, “हात चांगला आहे. सोमवारपासून या.” मग मास्तरांकडे वळल्या. “तुमचं काय हो? शिकवता कुठे?”

“ड्रायव्हिंग स्कूलमध्ये.”

“कळलंच,” बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

विमानं ठेवायच्या हँगरच्या भिंतीशी मास्तर टेकून बसले. धाकटा शेजारी येऊन बसला.

“मास्तर, खरं सांगू? मला जायचंच नव्हतं.”

“काय?”

“त्या दिवशी जेवताना तोंडातून गेलं. दर वेळी तुम्ही पुढे, तुमचंच कौतुक, आणि मी मागे पिशव्या घेऊन. म्हटलं, एखादी तरी गोष्ट अशी असावी, जी तुम्हाला चालवता येत नाही. नंतर फोन केला तो हेच सांगायला, की मी माघार घेतो. पण तुम्ही फिजिक्स काढलंत. मग कसा मागे सरू?”

या माणसावर ते इतके दिवस जळले, आणि हा त्याच्या आधीपासून त्यांच्यावर जळत बसला होता.

“मग आता?” त्यांनी कसंबसं विचारलं. “आता तरी माघार घे.”

“आता?” धाकटा आभाळाकडे बघत हसला. “आता कशाला? तुम्ही आज आणलं नसतंत, तर मला हे जमतं हे कळलंही नसतं. तुमचे उपकार आहेत, मास्तर.”

त्याने खरोखरच वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराइतकं मास्तरांना आयुष्यात दुसरं काही झोंबलं नव्हतं.

धाकटा ट्रेनिंगला लागला. मैदान गावापासून लांब, तिकडे बस नाही, म्हणून सासऱ्यांनी फर्मान काढलं, “थोरले जावई सोडतील कॅप्टनला.” रोज सकाळी मास्तर त्याला सोडत आणि कुंपणाशी गाडी लावून, वर घिरट्या घालणाऱ्या विमानाकडे तिरक्या डोळ्यांनी बघत थांबत.

अशाच एका सकाळी गाडीच्या काचेवर टकटक झाली. कॅप्टनबाई होत्या.

“तुम्ही गाडी शिकवता ना?” त्यांनी इकडेतिकडे बघत हळूच विचारलं. “मला येत नाही. दोनदा प्रयत्न केला. रस्त्यावर माणसं आडवी येतात हो, मला घाम फुटतो. कुणाला सांगू नका.”

मास्तरांनी दार उघडलं आणि स्वतः डावीकडे सरकले.

महिनाभराने धाकटा घरी जाताना गाडीत कुरकुरत होता. “कॅप्टनबाई फार कडक आहेत, मास्तर. आज तर सगळ्यांसमोर मला ठोकळा म्हणाल्या. एक चांगला शब्द नाही त्यांच्या तोंडात.”

“असं?” मास्तर म्हणाले. “मला तर ‘सर’ म्हणतात.”

धाकट्याने मान गर्रकन वळवली. “तुम्हाला? कशाबद्दल?”

“कुणाला सांगू नका म्हणाल्यात,” मास्तर म्हणाले आणि अलगद गियर बदलला.

धाकट्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते. मास्तरांनी मात्र त्या दिवशी लांबचा रस्ता घेतला.