बाराचा उपग्रह आणि कांबळे सर

शिवाजी पेठेत आमची बेकरी. पाव, खारी, बटर, टोस्ट सगळ्यांना मिळायचं. एका माणसाला मात्र माती भाजून मिळायची.

तो माणूस म्हणजे कांबळे सर. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. आमचे पाव निघाले आणि भट्टीची धग जरा उतरली की सर हजर. हातात पिशवी, पिशवीत झाकणाचे डबे, डब्यात हातकणंगल्याच्या रानातली माती.

"आत सरकव. आणि तुझ्या तुपकट खारीचं ताट माझ्या डब्यांपासनं लांब ठेव. वजन चढतंय."

गल्ल्यावरनं आमचे आबा म्हणायचे, "सर, गिऱ्हाइकं इचारत्यात, पावात कचकच का लागतीया?"

"हातकणंगल्याची हाय म्हणावं. चांगली माती हाय, खावा."

भानगड काय हुती सांगतो. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आपल्या देशाचा एक उपग्रह वरनं फिरायचा, त्यात मायक्रोवेव्ह पकडणारं यंत्र. जमिनीतनं आपसूक बारीक लहरी निघत असतात. ते यंत्र त्या वरनं ऐकायचं आणि माती किती वली हाय ते सांगायचं. आता ते खरं सांगतंय का थापा मारतंय, हे खाली कुणीतरी बघायला नको? हातकणंगल्यात बघणारे आमचे सर. दुपारी बाराच्या सुमाराला उपग्रह डोक्यावरनं जायचा. त्याच टायमाला सर रानात उकिडवं बसायचे, वरची दोन बोटं माती खरवडायचे, डब्यात भरून वजन करायचे, आमच्याकडं वाळवून परत वजन करायचे. जेवढं घटलं तेवढं पाणी. माझा पावाचा टेम्पो त्याच वाटंनं जायचा, म्हणून सर माझ्या शेजारी.

गिऱ्हाइकांना मी सरांची नक्कल करून दाखवायचो. मान वाकडी, एक डोळा घड्याळावर, एक आभाळात. "ढग येऊ दे, धुकं येऊ दे, ढगाला भीक घालत न्हाय ते. वाळकी माती बोलती, वली गप बसती. हेच यंत्र उत्तर ध्रुवावरचा बर्फबी बघतंय. तिकडं समुद्र गप बसतोय, बर्फ बोलतंय. एवढं सगळं बघून बाराला हातकणंगल्यात. आमच्या यस्टीला पेठवडगाव गाठंना टायमात."

एकदा लोकं हसायची थांबली. मागं वळून बघतोय तर सर उभे.

"वजन सांगताना मी नाक खाजवतोय," सर म्हणाले. "ते इसरलास."

रानातल्या लोकांना आधी वाटलं, मोजणीवाला आलाय. मग कळलं, वरनं बघणारं कायतरी हाय. एका उसाच्या मालकानं सरांना बांधावर बसवून ताक पाजलं आणि हळूच इचारलं, "सर, आमच्या उसाला तोड कवा यील, ते दिसतंय का वरनं?"

"ते देवालाबी दिसत न्हाय," सर म्हणाले.

बाकी गड्याचा सोभाव गोड, पण डब्याच्या बाबतीत कुणाची गय न्हाय. एकदा मी वाकून बघत हुतो, माझ्या कपाळाचा घाम टपकन डब्यात. सरांनी अख्खा डबा वतला. "ह्यो तुझा वलावा झाला. मला रानाचा पायजे." दुसऱ्या एकानं मोजायच्या जागंवर चूळ भरली, तर सर त्याच्यावर असं वरडले की बांधावरचं कुत्रं उठून दुसऱ्याच्या रानात गेलं.

त्या उन्हाळ्यात सरांचा जीव एका गोष्टीत अडकलेला. उपग्रहाचं काम बघणारे लोक अहमदाबादचे. ते म्हणाले हुते, एका कोरड्या रानाची अख्ख्या उन्हाळ्याची मोजणी द्या, मधी खंड पडता कामा न्हाय, आणि हातानं पाणी घातलेल्या मातीची मोजणी धरणार न्हाय. ती वरच्याशी जुळली की हितं या आणि सगळ्या मोठ्या लोकांम्होरं तुमच्या तोंडानं वाचा. झालं. सर पेठभर सांगून मोकळे. न्हावीसुद्धा गालाला साबण लावता लावता इचारायचा, "सर, अहमदाबाद कवा?"

पण आमच्या भागात उन्हाळ्यात कोरडं रान हुडकायचं म्हणजे तालमीत भित्रा पैलवान हुडकायचा. जिकडं बघावं तिकडं ऊस, नायतर पाटाचं पाणी. शेवटी माळाला एक तुकडा गावला. तानाआक्काचा. हीर न्हाय, बोअर न्हाय. आक्का म्हातारी, एकटी. पोरगा पुण्याला कंपनीत. सोताचं असं तिचं हे पहिलंच रान, त्यानंच घेऊन दिलेलं. सर त्या रानावर लई खूश. म्हणायचे, "साऱ्या तालुक्यात एवढं खरं रान न्हाय."

उन्हाळा सरत आला. एकच मोजणी ऱ्हायली. निघताना सर आक्काला म्हणाले, "आक्का, बुधवारी शेवटचं बघणार बरं का वरनं. मग अहमदाबादला सगळ्यांना दावायचं."

बुधवारी टेम्पो माळाला लावला आणि आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो.

रानाला सडा घातलेला. नुसता सडा न्हाय, मोजायची जागा पाण्यानं पार काळी केलेली. बाजूला चुन्यानं काढलेली रांगोळी, टेम्पो मावंल एवढी. आक्का नवं लुगडं नेसून उभी. पायात चिखल, शेजारी रिकामी घागर. पाणी गावच्या टाकीवरनं आणलेलं, डोक्यावरनं. किती खेपा झाल्या असतील ते तिच्या मानेलाच ठावं.

"बघा की सर," आक्का म्हणाली. "शेवटचं बघणार म्हणालासा. मोठी मोठी माणसं बघणार, आणि माझं रान असं भुंडं दिसाया नगं."

मला वाटलं, आता सर फुटतोय. मी दोन पावलं मागं सरलो.

सरांनी टोपी काढली. घड्याळाकडं बघितलं. म्हणाले, "रांगोळी झकास काढलीया, आक्का."

मी कानाशी लागलो. "सर, कडंला वाळकं हाय की. चार पावलं जावा, तिथली घ्या."

"तिच्या म्होरं? तिचा सडा वलांडून?"

सर चिखलातच उकिडवं बसले, चकचकीत पँटवर. वरची दोन बोटं माती काढली, नेहमीसारखी, हळू. डबा बंद केला. आक्कानं आभाळाकडं बघत इचारलं, "दिसलं असंल न्हवं?"

"दिसलं की," सर म्हणाले. "सगळ्यात उठून दिसलं."

परतीच्या वाटंवर डबा सरांच्या मांडीवर. निम्म्या रस्त्यात सरांनी झाकण दाबून बघितलं. मग म्हणाले, "माझी आई जल्मभर लोकांच्या रानात राबली. सोताच्या रानाला एक तांब्या पाणी घालायचं नशिबात न्हवतं." एवढंच. मी डबा हलू नये म्हणून खड्डे चुकवत टेम्पो चालवला, आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी डबा वाळून, वजन होऊन सर बेकरीतल्या एसटीडी फोनला बसले. मी म्हणलं, "सर, गेल्या खेपंचाच आकडा सांगा. कोण बघतंय?"

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गपचूप पाव मोजायला लागलो.

"हॅलो, कांबळे बोल रहा है कोल्हापूरसे. हां जी, लिखो. हां, गीला है. नहीं नहीं, बारिश नहीं. पानी डाल्या." तिकडनं मोठ्यानं इचारलं, पाणी घातलं कुणी. "घर के हैं जी. हां, मालूम है, खंड पड गया. अगले साल देखेंगे."

फोन ठेवला. आबांनी गल्ल्यावरनं इचारलं, "मग सर, अहमदाबाद?"

"कुठं पळून जातंय अहमदाबाद," सर म्हणाले. मग काचेच्या कपाटाकडं बोट केलं. "ते कागदातले केक बांध रं. मऊ बघून दे, आक्काला दात न्हाईत. उद्या पाव घेऊन जाशील तवा नेऊन दे. आणि तिला सांग, अहमदाबादवाल्यांनी धाडल्यात."