अठ्ठेचाळीस व्होल्टची अंत्ययात्रा

"पुढच्या माणसाला मी सात मिनिटांत नदीवर पोचवतो. लिहून घ्या," असं कमळाकरने गावकीच्या बैठकीत छातीठोक सांगितलं, आणि देवळात अशी शांतता पसरली की पंख्याची करकर ऐकू यायला लागली. पुढचा माणूस म्हणजे नेमका कोण, याचा जो तो मनात अंदाज घेत होता. दोन-तीन नजरा कोपऱ्यात खोकणाऱ्या कोंडाजीदादांकडे वळल्या. दादांनी खोकला आवरला.

विषय गाडीचा होता. पोशीरच्या पलीकडच्या त्या वाडीत दिवसा म्हातारी माणसं तेवढी उरतात, बाकी सगळे कामाला बाहेर. दुपारी कुणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत, आणि स्मशान दोन किलोमीटरवर, नदीच्या कडेला. म्हणून गावकीने लोधिवलीकडच्या एका रिसॉर्टने भंगारात काढलेली बॅटरीवरची गाडी आणली. गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांना फिरवणारी. मागची सीट काढून तिथे तिरडीपुरती फळी ठोकली, बाजूला 'वैकुंठरथ' लिहिलं. पाठीवरचं 'एन्जॉय युवर स्टे' हे स्टिकर मात्र काही केल्या निघेना. त्यावर झेंडूची माळ सोडायची असं ठरलं.

गाडीची सगळी जबाबदारी कमळाकरकडे आली. खोपोलीच्या एका कारखान्यात त्याने तीस वर्षं वायरमन म्हणून काढली होती, आणि निवृत्त झाल्यापासून त्या तीस वर्षांबद्दल तो बोलत होता. बायको छाया दुसऱ्या खोलीत जाई. ऐकायला उरत ते शेजारचे कोंडाजीदादा. रोज संध्याकाळी ते ओटीवर येऊन बसत आणि कमळाकर त्यांना फ्यूज, फेज, अर्थिंग असं एकेक समजावून सांगे. दादा मान हलवत. त्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि ते कायम तोच कान त्याच्याकडे करून बसत, हे कमळाकरला ठाऊक नव्हतं.

गाडी मुळात दमलेली. बायजा म्हातारी गेली तेव्हा वाटेतल्या नाल्यावरच्या मोरीच्या चढाला गाडीने मान टाकली ती टाकलीच. भर उन्हात बायजाबाई चाळीस मिनिटं रस्त्यात पडून राहिली. शेवटी लोकांनी ढकलत नेली. "खांद्यावर घेतली असती तर म्हातारी याच्यापेक्षा हलकी होती," असं तिच्या जावयाने सगळ्यांदेखत म्हटलं. ते कमळाकरला फार लागलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. आणि मग झाली ती बैठक.

कल्याणला जाऊन त्याने नव्या बॅटऱ्या आणल्या. छत्तीस व्होल्टची गाडी अठ्ठेचाळीसची केली, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर नवा बसवला, करंगळीएवढ्या वायरी काढून अंगठ्याएवढ्या घातल्या. पंधरा दिवस हे चाललं होतं आणि दादा स्टूल घेऊन शेजारी बसले होते.

"आता बघा दादा, ही कशी पळते ती."

"पळंल रं," दादा म्हणाले. "पन हिच्यात बसनाऱ्याला घाई कुठं आसते?"

कमळाकरने ते मनावर घेतलं नाही. भाताची दोन पोती फळीवर बांधून त्याने मोरीचा चढ तीनदा चढवून बघितला. गाडी मांजरासारखी वर गेली. चढापलीकडे नदीपर्यंत उतारच आहे, आणि उतारावर गाडीला जोर लागत नाही, म्हणून उतार त्याने बघितलाच नाही. ब्रेक जुनेच राहिले.

नंतरच्या आठवड्यात कोंडाजीदादा गेले. दुपारचा चहा झाला, कप खाली ठेवला आणि तसेच कलंडले. कमळाकर धावत गेला तेव्हा त्यांची बायको अंबाबाई उशाशी बसून होती. तिने वर पाहिलं.

"भावजी, तुमच्याच गाडीतून न्या त्यांना. येवढे दिस बसले तिच्यापाशी."

कमळाकरने मान हलवली आणि गाडी पुसायला घेतली. पुसताना त्याला रडू येत होतं, आणि त्याच वेळी बॅटऱ्या फुल चार्ज आहेत याचं बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली.

दादांचा मुलगा प्रीतम पनवेलहून आला. पाच वाजता निघाले. पुढे प्रीतम, हातात विस्तवाचं मडकं. मागे गाडी, गाडीमागे पंचवीस-तीस माणसं. रिवाज असा की अर्ध्या वाटेवर, पिंपळाखालच्या विसाव्याच्या दगडापाशी तिरडी टेकवायची, पाणी द्यायचं आणि पुढे जायचं. मोरीपर्यंत सगळं ठीक होतं. कमळाकर पायाने पेडलला नुसता स्पर्श करत होता. चढ आला, त्याने पाय जरा दाबला आणि त्याला कळलं की पोती होती तेव्हा त्याने पेडल सरळ तळाला दाबलं होतं. जरासं दाबलं की काय होतं, हे तपासायचं राहिलं होतं. नव्या कंट्रोलरला जरासं ही भानगड माहीतच नव्हती. हळू चाल नाहीतर पळ, मधलं काही नाही.

गाडी उसळली. प्रीतमने मागे पाहिलं आणि मडक्यासकट गवतात उडी मारली.

"काका, माझ्या पुढं कुठं चाललात?"

कमळाकरने पाय उचलला, पण तोवर चढ संपला होता. पुढे उतार. जुन्या गाडीची मोटर उतारावर आडकाठी करत नाही, चाकं मोकळी सुटतात. ब्रेक दाबायचा तर मागे दादा. आपटून ब्रेक लागला तर दादा तिरडीसकट पुढे येणार, खांद्यावरून. हळू दाबला तर जुना ब्रेक नुसता कुरकुरत होता. कमळाकरने एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसरा हात मागे नेऊन दादांचे पाय धरले आणि तो नुसता "दादा, दादा" म्हणत राहिला. स्टिकरवरची माळ उडाली. मागून धावणाऱ्या शोकाकुल मंडळींना दादांच्या पाठोपाठ 'एन्जॉय युवर स्टे' एवढंच दिसत होतं, आणि तेही लहान लहान होत गेलं.

विसाव्याचा दगड बाजूने निघून गेला.

नदीकाठच्या वाळूत चाकं रुतली आणि गाडी आपोआप थांबली. दादा जागेवरच होते, फक्त कपाळावरचा बुक्का पुसला गेला होता. कमळाकर उतरला. स्मशानात चिटपाखरू नव्हतं. तो फळीच्या कडेला बसला. पंधरा-वीस मिनिटं ते दोघंच होते.

मंडळी धापा टाकत आली. प्रीतमच्या मडक्यातला विस्तव गवतात सांडला होता. त्याचा चुलतभाऊ विस्तव आणायला मोटारसायकलवरून पुन्हा घरी गेला, तो येईपर्यंत सगळे कमळाकरकडे पाठ करून उभे. एक म्हातारे तेवढे म्हणाले, "इसाव्याला न टेकता आमच्याकडं कुनी गेलं नाय आजवर." पाणी नदीवरच दिलं. चिता पेटली तेव्हा अंधारून यायला लागलं होतं.

कमळाकरने गाडीच्या बॅटऱ्यांच्या वायरी सोडून ठेवल्या आणि घरात बसला. छायाने ताट वाढलं की खायचा, उचललं की हात धुवायचा. संध्याकाळी ओटीवर यायचा, रिकाम्या स्टुलाकडे बघायचा, आत जायचा. कारखान्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. छाया दोनदा येऊन त्याच्या कपाळाला हात लावून गेली.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी तो अंबाबाईकडे गेला आणि दारातच खाली मान घालून उभा राहिला.

"वहिनी, माझ्याकडून चूक झाली. त्यांचा विसावाही राहिला."

अंबाबाईने बसायला पाट दिला. मग म्हणाली, "आमी बाया तिथवर येत नाय. मानसं पोचायच्या आधी तुमी एकटंच व्हता म्हनं त्यांच्यापाशी."

"होतो."

"काय केलात?"

"बोलत बसलो."

"काय बोललात?"

कमळाकरने खोटं बोलायचा विचार केला, पण जमेना. "कंट्रोलर कुठं चुकला ते सांगत होतो. पेडलची वायर... सगळं सविस्तर."

अंबाबाईने पदर डोळ्यांना लावला. तिचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे की हसते आहे, ते कमळाकरला कळेना.

"म्हंजे तितंबी ऐकावंच लागलं त्यांना," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.