ओस्लोहून आलेलं वजन

ओस्लोच्या लोकांनी व्यायाम करून उतरवलेलं वजन दर मंगळवारी विट्याच्या शाखेत यायचं. ती शाखा हेल्थ क्लबांच्या एका आंतरराष्ट्रीय साखळीची होती. नॉर्वेच्या सरकारने उतरवलेलं वजन देशात साठवायला बंदी घातली, तेव्हापासून कंपनीला ते कुठेतरी पाठवणं भागच होतं. विट्यात जागा होती आणि कस्टमवाले ते ‘वापरलेला माल’ म्हणून मुकाट्याने सोडत.

माल उत्तम होता, त्यात वाद नाही. माशाच्या तेलावर पोसलेला, घट्ट. पंचाईत एवढीच की पेटी उघडली रे उघडली की वजन जवळच्या माणसाला चिकटायचं. विट्याचे सभासद सकाळी घाम गाळायचे आणि आले होते त्यापेक्षा जाड होऊन घरी जायचे.

“म्याडम, मी प्वाट कमी कराय आलोय,” सोनं गाळायचा गलाईचा धंदा करणारे पोपटशेठ एके दिवशी म्हणाले. “आणि आता आमची मंडळी म्हणती, ह्ये प्वाट तुमचं न्हवंच.”

“बरोबर आहे वहिनींचं,” शाखाप्रमुख सुलक्षणा मगदूम म्हणाली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. “ते ओस्लोच्या एका बाईंचं आहे.”

पोपटशेठ गेले ते परत आले नाहीत. हळूहळू बाकीचेही पांगले. कापडाच्या पडक्या गोदामातून सुलक्षणाने ही शाखा उभी केली होती, आरसेसुद्धा स्वतः उभं राहून बसवून घेतले होते. ती बंद पडू द्यायला ती तयार नव्हती. तिने ओस्लोला मोठ्या साहेबांना, हाल्वरसनना, व्हिडिओवर गाठलं.

“हा बाह्य घटक आहे,” हाल्वरसन शांतपणे म्हणाले. “बाह्य घटकांवर कंपनीचा ताबा नसतो. शाखेचा असायला हवा.”

शाखेच्या समोर बाळगोंडा वस्तादांची तालीम होती. वस्ताद पेट्या बघून अक्षरशः हळहळले. “ताई, वजन पडून ऱ्हायलंय आणि आमची पोरं वजनापायी जीव टाकत्यात! द्या की हिकडं.”

मात्र वस्तादांनी ते थेट पोरांना चिकटू दिलं नाही. तालमीत काहीही नवं आलं की आधी मातीला जातं, ताक, हळद, लिंबू, तेल, सगळं. त्यांनी दुरून काठीने पेट्या उलथ्या केल्या आणि पोरांकडून लांब दांड्याच्या फावड्यांनी माती कालवून घेतली. तेव्हापासून ज्याची पाठ मातीला लागेल तो जड होऊन उठायला लागला. आज हरलेला उद्या जिंकायचा, उद्या हरलेला परवा. कोण कुणापेक्षा थोर हे कुणालाच सांगता येईना आणि तालमीत भांडणं थांबली.

इकडे सभासद बारीक व्हायला लागले. शाखेत पाय ठेवायला जागा उरली नाही. सुलक्षणा आनंदाने पायऱ्या दोन-दोन चढायची.

मग ओस्लोत कडाक्याचा हिवाळा पडला. वजन उतरवलेली मंडळी गारठली, वाऱ्याने फुटपाथवरून सरकू लागली आणि आमचं आम्हाला द्या म्हणून क्लबासमोर बसली.

“माल परत पाठवा,” हाल्वरसन म्हणाले. तेही चांगलेच वाळले होते. “नाहीतर शाखा बंद.”

“तो मातीत कालवलाय.”

“मग माती पाठवा.”

“माती देशाबाहेर न्यायला परवानगी नाही,” सुलक्षणा म्हणाली. “बाह्य घटक आहे, सर.”

“मग आम्हीच येतो,” हाल्वरसन म्हणाले.

ते आले. बसभर आले, एकमेकांना धरून, उन्हातसुद्धा कोट घालून. तालीम मात्र रिकामी होती. सगळे पैलवान एका जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला गेले होते आणि गुडघा धरला म्हणून वस्ताद तेवढे मागे राहिले होते.

“आता यांना पाडायचं कुणी?” सुलक्षणाने विचारलं.

वस्तादांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“मी? अहो वस्ताद, ते माझे साहेब आहेत!”

“मातीत कोण सायेब नसतंय. चपला काढा.”

सुलक्षणाने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली. हाल्वरसननी कोट घडी करून ठेवला आणि ते नम्रपणे समोर उभे राहिले. कडेवरून वस्ताद ओरडत होते, “मनगट धरा! कंबर घाला आत! घ्या पाठीवर! हाण!”

साहेब तिच्या खांद्यावरून गेले आणि पाठीवर आदळले. लाल धुरळा उडाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत सुलक्षणाला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि तो तिने लपवलाही नाही. ती खदखदून हसली.

साहेबांचे गाल भरून आले. शर्टाचं एक बटण तुटून उडालं.

“शाखा?” त्यांच्या छातीवर हात दाबून तिने विचारलं.

“चालू राहील,” हाल्वरसन समाधानाने म्हणाले. मग उठून त्यांनी अंग चाचपून पाहिलं. “पण डावी बाजू जरा कमी भरलीय.”

आणि ते मुकाट्याने जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.