अण्णांचा पाळणा आणि आमचा वरवंटा

आमचे अण्णा लाकूड चाटून बघतात. आधी बोटाने टकटक, मग वास, मग जीभ. एकदा एका नातेवाइकाच्या नव्याकोऱ्या दिवाणाला त्यांनी चार पाहुण्यांसमोर जीभ लावली आणि निकाल दिला, "वरून सागवान, आतून काहीच नाही." त्या घरी आम्हाला पुन्हा चहाला बोलावलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, आता गावातल्या इतवारा मोहल्ल्यात एकटेच राहतात. भावंडांनी टाकायला काढलेलं घराण्याचं प्रत्येक मोडकं लाकूड त्यांच्या पुढच्या खोलीत येऊन पडतं. ते दुरुस्त करायला सुतार चालत नाही, खिळा चालत नाही, आणि घाई तर मुळीच चालत नाही. "थोडा टाइम लागेन," एवढंच उत्तर. सासूबाईंची आरामखुर्ची त्यांनी हातात घेतली तेव्हा माझी पल्लवी नववीत होती. खुर्ची परत आली तेव्हा पल्लवी नोकरीला लागली होती.

मी बरोबर उलटी. माझ्या फ्रीजवर कायम एक यादी असते, आणि तिच्यात प्रत्येक कामासमोर वेळ लिहिलेली असते.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी पल्लवीला मुलगी झाली. बाळंतपणाला ती इंदूरहून आमच्याकडेच, शनवारा मोहल्ल्यात आली होती. बारावा दिवस पुढच्या आठवड्यातल्या रविवारी येत होता. बारसं घराण्याच्या लाकडी पाळण्यातच व्हायचं, हे ठरलेलं. पाळणा अण्णांकडे, दांडे निखळलेले, कठडा हलणारा. दोन महिने आधीच दुरुस्तीला घ्या म्हणून मी मागे लागले होते, पण बाळ यायच्या आधी पाळण्याला हात लावायचा नाही, या मुद्द्यावर अण्णा हलले नाहीत.

म्हणून गुरुवारी सकाळी मीच गेले. पाळणा आतल्या खोलीत, गोधड्यांनी भरलेला. मी भराभर गोधड्या पलंगावर टाकल्या. अण्णांनी त्यातली एक उचलून परत पाळण्यात ठेवली.

"रिकामा नको राहू देऊ. आणि रिकामा हलवायचा तर बिलकुल नाही."

मग पाळणा नीट झुलतो का, हे बघायचं कसं? अण्णांनी विचारलं, बाळाचं वजन किती. मी सांगितलं. त्यांनी थोडा हिशेब केला आणि माझ्या स्वयंपाकघरातला वरवंटा मागून घेतला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटाच ठेवतात, तेव्हा त्यालाही सवय होईल, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून आमच्याकडची चटणी मिक्सरमध्ये.

पाळणा सुटा केला. बत्तीस दांडे, सगळे हाताने कातलेले, एकाची जाडी दुसऱ्याला नाही. प्रत्येक दांडा फक्त आपल्याच भोकात बसणार. म्हणून मी प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी चिकटवली, यादी केली आणि निश्चिंत घरी आले. सोमवारी जाऊन पाहते तर अण्णांनी बत्तीसच्या बत्तीस दांडे सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन ओळीने वाळत घातले होते. चिठ्ठ्या घमेल्यात तरंगत होत्या.

"अण्णा, माझे नंबर!"

"मळ होता त्याच्यावर. थोडा टाइम लागेन."

बुधवारपर्यंत अकरा दांडे बसले. मी घरी येऊन पल्लवीला सांगितलं. ती इंदूरच्या सवयीने हिंदीत म्हणाली, "मम्मी, बारसं थोडी रुकेगा पालने के लिए? स्टीलवाला ले आते हैं." मी इतवाऱ्याच्याच बाजारात जाऊन स्टीलचा पाळणा सांगून ठेवला. इतवाऱ्यात सांगून ठेवलेली गोष्ट लपून राहत नाही. गुरुवारी अण्णांनी दार अर्धंच उघडलं.

"आणला म्हणे दुसरा."

"आणला नाही. सांगून ठेवलाय."

"आण मग. त्याला मी जीभ बी लावणार नाही."

दार बंद. शुक्रवारी फोन उचलला नाही. शनिवारी दुपारीही नाही. पाहुणे यायला लागले होते. यादीत बाकी सगळ्यावर रेघ मारलेली, फक्त पाळणा मोकळा. संध्याकाळी सहाला मी रिक्षा थांबवून ठेवली आणि भांडायच्या तयारीने अण्णांकडे शिरले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत पाळणा उभा होता. बत्तीस दांडे जागच्या जागी. जवसाचं तेल आणि मेण घासून लाकडाला मधाचा रंग आला होता. अण्णा शेजारी स्टुलावर बसून एका बोटाने झोका देत होते. करकर नाही, काही नाही. पाळण्यात आमचा वरवंटा, गळ्यापर्यंत दुपटं पांघरलेला. डोक्याला पिवळं पडलेलं टोपडं.

"अण्णा, हा तर झालाय. कधी झाला?"

"काल सकाळी."

"मग सांगितलं का नाही? माझा जीव..."

त्यांनी टोपडं नीट केलं. "दगड लवकर गार पडतो गं थंडीत."

मी खाली बसले. टोपड्याच्या काठाला बारीक हातशिलाई होती. ती मी ओळखली.

"तुझ्या जाऊबाईनं शिवलेलं," अण्णा म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

जाऊबाईंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांना मूल झालं नाही. पण त्यांच्या आतल्या खोलीतला तो पाळणा कधीही रिकामा पाहिल्याचं मला आठवेना. गोधड्या, लोकरीचे गुंडे, धुतलेल्या चादरी, काही ना काही त्यात असायचंच.

रिक्षावाल्याने बाहेर हॉर्न वाजवला. मी बाहेर जाऊन त्याला परत पाठवलं.

"सकाळी सातला," मी आत येऊन म्हणाले. "सात म्हणजे सात."

"एवढा टाइम पुरे," अण्णा म्हणाले.

ते पाळणा घेऊन पावणेसातलाच आले. पल्लवीने ते टोपडं बाळाला घातलं. जरासं मोठं झालं. बाळाची मूठ कठड्याला लागली तेव्हा अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि जाहीर केलं की चोखलं तरी चालेल, आपण सगळीकडे चाटून पाहिलंय.

महिन्याभराने पल्लवी, बाळ आणि पाळणा इंदूरला गेले. बारशानंतर अण्णा वरवंटा पिशवीत घालून घेऊन गेले होते, तो आणायला मी इतवाऱ्यात गेले. आतल्या खोलीत पाळण्याच्या जागी स्टूल होतं. स्टुलावर घडी केलेलं दुपटं, आणि दुपट्यावर वरवंटा.

मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि निघाले. बाजारातून जाताना थांबून पर्समधल्या यादीत एक ओळ वाढवली: वरवंटा, नवा, एक.