तावेत्तीचा डावा गुडघा

सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण वृद्धनिवासानं हातापाया पडून बोलावलं आणि तरीही ज्यानं नकार दिला असा अख्ख्या फिनलंडमधला एकमेव म्हातारा म्हणजे तावेत्ती! निदान गावच्या दुकानात कॉफीच्या टेबलाशी बसून तो तसंच सांगत होता, आणि दुकानवाली सिर्क्का त्याचा कप भरत ऐकत होती.

आता खरं काय ते ऐका. तावेत्तीचा जन्माचा शेजारी उर्पो वृद्धनिवासात राहायला गेला. त्याला तिथं जागा मिळाली ती दोनदा स्वतःचं स्वयंपाकघर पेटवण्याच्या कर्तबगारीवर. मागे राहिलेल्या तावेत्तीला अंगणात बर्फ, घरात घड्याळाची टिकटिक आणि भांडायला माणूस नाही. तिकडे उर्पोला वाफेनं अंघोळ करायला आयती तापलेली सौना, गरम माशाचं सूप आणि पायात ल्यूलीनं विणलेले पट्ट्यापट्ट्यांचे मोजे! ल्यूली म्हणजे तीच, जिच्याशी नाचायला मिळावं म्हणून तरुणपणी हे दोघं एकमेकांच्या होड्यांना भोकं पाडत. तीही आता तिथंच राहत होती. सूप एक वेळ सोसलं असतं; मोज्यांनी मात्र तावेत्तीच्या पोटात निखारे पेटवले.

अडचण एवढीच, की ज्याला स्वतःचं स्वतः करणं जमत नाही त्यालाच तिथं जागा मिळते, आणि तावेत्ती अजून सरपणाचे डोंगर फोडत होता. मग त्यानं डाव्या गुडघ्यात एक दुखणं पाळलं. इतकं देखणं लंगडू लागला की रस्त्यातली मांजरं थांबून वाट देऊ लागली. तिथल्या नर्स योहान्नाबाई घरी येऊन बघून गेल्या, हळहळल्या, चालायला आधाराची चौकट दिली आणि म्हणाल्या, एक दिवस आमच्याकडे राहून बघा.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. ल्यूलीनं स्वतःच्या हातानं त्याच्या पावाला लोणी लावलं. उर्पो समोर बसून नुसतं सूप ढवळत राहिला.

मग पुरुषांची सौनेची पाळी आली. उर्पो सगळ्यात वरच्या फळीवर, तावेत्ती खालच्या, गुडघा धरून. उर्पोनं तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं.

"सोसवत नसेल तर दार तिकडं आहे."

तावेत्ती एक फळी वर सरकला. उर्पोनं आणखी ओतलं. तावेत्ती आणखी वर. भिंतीतले खिळे मऊ पडले, बाहेर झाडावरची खार घामानं निथळली, पण दोघांतला एकही हलेना.

शेवटी उर्पो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सौनेनंतर तळ्यात बुडी मारणं काही तुला आता जमायचं नाही. ल्यूली खिडकीत बसून वाट बघत असते रे. मलाच जायला हवं."

झालं! तावेत्तीला गुडघा आठवला नाही की चौकट. अंगावर जन्माची कातडी तेवढी, आणि तो हरणासारख्या उड्या मारत गोठलेल्या तळ्यावर. बुडीसाठी बर्फात पाडलेल्या भोकावर पुन्हा बर्फाची साय धरली होती. दोन माणसांना न उचलवणारी पहार एका हातानं उचलून त्यानं ती फोडली, आत उडी घेतली, आणि बाहेर येऊन खिडकीकडे तोंड करून नाचाची एक गिरकीही घेतली.

खिडकीत ल्यूली होती. तिच्या शेजारी योहान्नाबाई होत्या.

मागून मोजे घातलेला उर्पो चौकट ढकलत आला. "हे तुझं राहिलं."

योहान्नाबाईंनी चौकट परत घेतली आणि विचारलं, आलाच आहात तर मागचं सरपण फोडून द्याल का? त्यानं दिलंसुद्धा.

"तर मीच म्हणालो," तावेत्ती दुकानात सांगत होता, "बाई, मला म्हाताऱ्यांत करमत नाही. ल्यूलीचे डोळे भरून आले. पण मी वळून पाहिलं नाही."

"मग योहान्नाबाई परवा पुन्हा तुमच्याकडे कशाला येतायत?"

"विनवायला. दुसरं काय?"

कप ठेवून तो खुर्चीच्या आधारानं कण्हत उठला आणि पाय ओढत दाराकडे निघाला.

"आजोबा," सिर्क्का मागून म्हणाली, "दुखणं डाव्या गुडघ्यात होतं. आज उजवा ओढताय."