उजेडात येजो

बबनभाऊ रस्त्यात भेटले की रामराम करत नाहीत. आधी खांद्याला धरतात, दोन पावलं सरकवतात आणि म्हणतात, "उजेडात येजो." मग तब्येतीची चौकशी. ती होईपर्यंत ऊन आपल्या डोळ्यांत आणि सावली भाऊंच्या डोक्यावर.

आमच्या जाम गावच्या चौफुलीवर माझं हार्डवेअरचं दुकान आणि शेजारी भाऊंचा व्हिडिओ शूटिंगचा गाळा. कॅसेटच्या जमान्यात पंचक्रोशीतली लग्नं त्यांनीच काढली. खांद्यावर कॅमेरा घेऊन भाऊ, आणि त्यांच्या डाव्या बाजूला हॅलोजनचा लाइट धरून सुमनवहिनी. तो लाइट भाऊंनी दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिला नाही.

लक्ष मात्र त्यांचं लग्नात नसे. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि कॅमेरा वळला तो रस्त्यापलीकडे, गणपतच्या हॉटेलातल्या कढईकडे. कॅसेटमध्ये हार पडतच नाहीत, भज्यांचा घाणा तेवढा निघतो. वडील भांडायला गेले, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "नवरदेव-नवरी त साऱ्याच कॅसेटीत रायतेत. गनपतची कढई कोनाच्या कॅसेटीत हाय?"

पुढे रस्ता रुंद झाला. गणपतचं हॉटेल गेलं, समोरचे कडुनिंब गेले, आणि कढई उरली ती फक्त आमच्या कॅसेटमध्ये. हल्ली वडील पाहुण्यांना बसवून ती भजी दाखवतात.

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. तेरवी झाली आणि भाऊ घरोघर फिरून कॅसेट गोळा करू लागले. जुनं आणि आजचं जोडून चौफुलीची फिल्म करतो, असं गावाला सांगितलं. मला खरं कारण सांगितलं. वहिनी कुठं दिसतात का, ते बघायचं होतं. आयुष्यभर जोडीनं लोकांची लग्नं काढली, पण बायकोवर कॅमेरा धरायचं या माणसाला कधी सुचलं नव्हतं. सगळ्या कॅसेट पाहून झाल्या. वहिनी एकीतही नव्हत्या. लाइट धरणारं माणूस दिसणार कसं? मग बरेच दिवस गाळा बंदच होता.

एका सकाळी शटर वर गेलं आणि आमचा छळ सुरू झाला. जुन्या कॅसेटमध्ये जो जिथं उभा होता, त्यानं आजही तिथंच उभं राहायचं. मी पूर्वी पानठेल्याजवळ उभा होतो; त्या जागी आता दुभाजक आहे. मला त्यावर चढवलं. ट्रकवाले हॉर्न वाजवून सल्ले देत होते. त्यात कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही, पाहायचं भाऊंच्या डाव्या खांद्याशेजारी. तिथं काहीच नव्हतं. उन्हानं आमचे डोळे बारीक झाले की भाऊ खूश.

फिल्म शाळेच्या भिंतीवर दाखवली. पार गिरड गावापासून माणसं आली होती. गणपतची कढई आली, तिच्या जागी आजचा धावता रस्ता आला, आणि गणपतच्या मुलानं शिट्टी मारली. लोक आमच्या गावात चहापुरते थांबतात. त्या दिवशी सगळे गावाकडंच बघत बसले होते. अभिमानानं माझी छाती शर्टात मावेना.

शेवटी नुसते चेहरे. एक लग्नातला, लगेच तोच आजचा. सगळ्यांचे डोळे बारीक, सगळे एकाच बाजूला बघतायत. लोक हसले. मीही हसलो, कारण भिंतीवर मी होतो, तेव्हाही बावळट आणि आताही.

भाऊंनी माझा खांदा धरला. मला वाटलं, आता सरकवतात. पण हात तसाच राहिला.

"लाइट कोनाच्या हाती होता?" ते हळूच म्हणाले. "पाह्य, सारं गाव तिलेच पाहून राह्यलं."